शालेय ग्रंथपाल आणि प्रात्यक्षिकाचे दिवस

ग्रंथपालनाचा वर्ग करणारे आपल्या समाजातील तरुण-तरुणी आता गावोगाव भेटतात. कर्जत, नेरळ, खोपोली या बाजूंनी सकाळची लोकल धरून कल्याण-अंबरनाथकडे वर्गाला जाणारेही त्यांत आहेत. ही मंडळी भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो. लेखी परीक्षेची तयारी चांगली झालेली असते, पण पुढे प्रात्यक्षिक असते. एखाद्या ग्रंथालयात काही आठवडे अनुभवी ग्रंथपालाच्या देखरेखीखाली काम करायचे, रोजची दैनंदिनी लिहायची, शेवटी अहवाल द्यायचा. "हे सगळे खरोखर करावे लागते का? ओळखीच्या ठिकाणाहून सही-शिक्का आणला तर नाही का चालणार?" असे ते विचारतात. विचारणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. घरची अडचण असते, रोजचा गाडीखर्च असतो, आणि आधीच्या तुकडीतील कोणीतरी तसेच करून मोकळा झालेला असतो. परंतु या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देऊन भागत नाही, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर मांडीत आहोत.

प्रथम थोडी माहिती. आपल्याकडे हे शिक्षण साधारण दोन पायऱ्यांनी होते. पहिली पायरी काही महिन्यांच्या प्रमाणपत्र वर्गाची. दुसरी पायरी पदवीनंतरच्या बी. लिब. अभ्यासक्रमाची. तो मुंबई विद्यापीठात, एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातही आहे. शाळेच्या जाहिरातीत नेमकी कोणती अर्हता मागितली आहे, हे ज्याने त्याने जाहिरात हाती घेऊन वाचावे, ऐकीव माहितीवर राहू नये. शाळेत ग्रंथपालाचे पद मिळणार की नाही हे विद्यार्थीसंख्येवर ठरते. लहान शाळांना पदच नसते, मध्यम शाळांत अर्धवेळ ग्रंथपाल असतो. अर्धवेळाचे वेतन किती आणि काम किती, हे त्या जागेवर बसलेल्यालाच ठाऊक. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे, पण तो गावातील सार्वजनिक वाचनालयांसाठी आहे, शाळेच्या ग्रंथालयासाठी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मात्र प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे लिहिले आहे. ती पुस्तके मुलांच्या हाती देणारा माणूस कोण, याचा उल्लेख त्या परिशिष्टात नाही. म्हणून पुष्कळ शाळांत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील कुलूपबंद लोखंडी कपाट. तपासणीच्या दिवशी ते उघडते.

हे कपाट रोज उघडले जावे, यासाठी आपल्या मुलामुलींनी या व्यवसायात जावे असे आम्हांस वाटते. त्याला पूर्वपीठिका आहे. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढण्याचाही समावेश होता. पुढे दादरला 'राजगृह' बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. बाबासाहेबांचा मोठा ग्रंथसंग्रह पुढे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात गेला. त्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल एस. एस. रेगे यांचे नाव बाबासाहेबांच्या आठवणींत वारंवार येते. हवे ते पुस्तक हव्या त्या वेळी काढून देणारा माणूस जवळ असणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांएवढे कोणाला कळणार?

आता प्रात्यक्षिकाकडे वळू. देखरेखीखाली शिकणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या तालुक्यातच कातळावर कोरलेला आहे. कर्जतहून कोंदिवड्याकडे गेले की राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आहेत. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराची ही बौद्ध लेणी, त्यांत चैत्यगृह आहे, विहार आहे. पावसाळ्यात धबधब्यासाठी तेथे झुंबड उडते. चैत्याच्या दर्शनी भागात एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीतील लहानसा लेख आहे, तिकडे फारसे कोणी पाहत नाही. त्याचा अर्थ असा : हे काम कन्हाचा अंतेवासी बलक याने केले. काम करणाऱ्याने आपले नाव दिले ते एकट्याचे दिले नाही, आधी ज्याच्या हाताखाली शिकला त्याचे नाव दिले. 'अंतेवासी' म्हणजे गुरूच्या जवळ राहून शिकणारा. प्रशिक्षणार्थी या आजच्या सरकारी शब्दापेक्षा हा शब्द आम्हांस अधिक नेमका वाटतो.

विनयपिटकाच्या महावग्गात आचार्य आणि अंतेवासी यांच्या संबंधांचे नियम विस्ताराने दिले आहेत. समर्थ भिक्खूनेही पाच वर्षे आचार्याच्या आश्रयाने राहावे, आणि जो तयार झालाच नाही त्याने आयुष्यभर राहावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे मुदत संपली म्हणून कोणी तयार झाला असे तथागतांनी मानले नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कर्तव्ये दोन्ही बाजूंना आहेत. शिष्याने आचार्याची सेवा करावी तशी आचार्यानेही शिष्याला शिकवावे, त्याच्याकडे पात्र-चीवर नसेल तर ते मिळवून द्यावे, तो आजारी पडला तर शुश्रूषा करावी. आणि आचार्याच्या मनात चुकीची धारणा शिरली तर ती दूर करण्याचा प्रयत्न शिष्याने करावा, असेही सांगितले आहे. देखरेख म्हणजे नुसती हजेरी घेणे किंवा दबून राहणे नव्हे, हे यावरून ध्यानी येईल. ज्या ठिकाणी प्रशिक्षणार्थीला पंधरा दिवस नुसती पुस्तके झटकायला लावतात आणि चहा आणायला पाठवितात, तेथे आचार्याने आपले कर्तव्य केलेले नाही असेच म्हणावे लागेल. अशी ठिकाणे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही.

आधुनिक काळात या विद्येचा पहिला वर्ग मेल्विल ड्यूई यांनी जानेवारी १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात काढला. वीस विद्यार्थ्यांत सतरा स्त्रिया होत्या. विश्वस्तांना ते रुचले नाही, आणि दोन वर्षांतच हा वर्ग ऑल्बनी येथे हलवावा लागला. याच कोलंबियात पुढे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले. बाबासाहेबांना तेथे जाण्यासाठी शिष्यवृत्ती देणारे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीच १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले. १९११ मध्ये तेथे सुरू झालेला ग्रंथपालनाचा वर्ग हा हिंदुस्थानातील पहिला. वर्गात शिकावे आणि तेथल्याच ग्रंथालयात हात चालवावा, अशी ती रीत. बडोद्याच्या फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत जात. आपल्याकडे खांडसच्या पुढील वाड्यांत आजही असा प्रयोग करता येईल. पेटीत चाळीस पुस्तके, एक वही आणि महिन्याने पेटीची अदलाबदल, याला फार खर्च येत नाही.

ड्यूईसाहेबांबद्दल आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी जाणून घेतली पाहिजे. त्यांची दशांश वर्गीकरण पद्धती १८७६ सालची असून आजही जगभर आणि आपल्या शाळांतही चालते. पण हे गृहस्थ वंशभेद मानणारे होते. लेक प्लॅसिड येथील त्यांच्या क्लबात ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांना प्रवेश नव्हता. अमेरिकन ग्रंथालय संघाने २०१९ साली आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढून टाकले. पद्धत वापरावी, पण ती कोणाच्या नजरेतून तयार झाली हेही लक्षात ठेवावे. धर्म या २०० च्या वर्गात बहुतेक जागा ख्रिस्ती धर्मालाच दिलेली आहे. बौद्ध धम्माच्या वाट्याला २९४.३ हा एक कोपरा आला आहे.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे उदाहरण मात्र प्रत्येक प्रशिक्षणार्थीने वाचावे असे आहे. ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणिताचे अध्यापक होते. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्यांना या कामाची गोडी तर नव्हतीच, उलट रिकामे बसून कंटाळा आला आणि परत शिकवायला जावेसे वाटू लागले. नेमणुकीबरोबर इंग्लंडमध्ये प्रशिक्षण घेणे ठरलेले होते, म्हणून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तेथे बर्विक सेयर्स हे वर्गीकरणाचे अध्यापक होते, आणि ते क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुखही होते. रंगनाथन यांना वर्गातील व्याख्यानांपेक्षा क्रॉयडनचे ग्रंथालय अधिक उपयोगी पडले. त्यांनी तेथील प्रत्येक विभागात बसून काम केले, आणि नंतर शंभराहून अधिक ग्रंथालये फिरून पाहिली. मुलांसाठी वेगळा विभाग असतो, वाचक स्वतः कपाटापर्यंत जाऊन पुस्तक काढतो, कामगार संध्याकाळी येऊन वाचतो, हे सारे त्यांनी कामाच्या निमित्ताने डोळ्यांनी पाहिले. १९२५ मध्ये परततानाच्या बोटीवर त्यांनी आपल्या नव्या वर्गीकरणाची चाचणी बोटीवरील पुस्तकांवर घेतली. तेच पुढे १९३३ मध्ये 'कोलन वर्गीकरण' म्हणून प्रसिद्ध झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील पहिल्याचा गाभा असा की पुस्तक हे वापरासाठी असते, राखण करण्यासाठी नव्हे. क्रॉयडनला जाण्यापूर्वी हे त्यांना सुचले नसते, असे आमचे मत आहे.

आता आपल्या शाळेत बसून प्रशिक्षणार्थीने नेमके काय शिकायचे ते पाहू.

पहिले काही दिवस दाखल नोंदवहीचे असतात. शाळेत आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो. त्यापुढे लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, वर्ष, पाने, किंमत, कोणाकडून आले ते लिहायचे. नंतर शिक्के मारायचे, एक मुखपृष्ठाच्या आतील पानावर आणि एक ठरावीक गुप्त पानावर. पुस्तकाला खिसा, पुस्तकपत्र आणि तारीख-चिठ्ठी लावायची. हे काम कंटाळवाणे वाटते, आणि आहेही. पण देणगी म्हणून आलेली पुस्तके नोंदवहीत न चढविता कपाटात कोंबली की पुढे ती कोणाची, किती, कोठे गेली याचा मेळ लागत नाही. ई-ग्रंथालय किंवा कोहा या संगणक प्रणालींत काम करावयाचे असेल तरी याच नोंदी भरायच्या असतात. वही नीट कळली की संगणक अवघड जात नाही.

खरी परीक्षा वर्गीकरणाची. पुस्तकातील नियम पाठ असतात, पण समोर प्रत्यक्ष ग्रंथ आला की हात थबकतो. आपल्याच घरचे उदाहरण घेऊ. बहुतेक शाळांत बाबासाहेबांची सर्व पुस्तके 'थोर पुरुषांची चरित्रे' या एकाच कप्प्यात, तसबिरीखाली मांडलेली असतात. त्यामागे आदर आहे यात शंका नाही. परंतु 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ २९४.३ मध्ये जातो. जातिप्रथेच्या निर्मूलनावरील १९३६ चा ग्रंथ जातिव्यवस्थेच्या म्हणजे ३०५.५१२२ च्या जागी जातो. रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ चा प्रबंध पैसा आणि चलन या ३३२.४ च्या जागी जातो. तिन्ही एकाच कप्प्यात राहिली, तर अर्थशास्त्राच्या कपाटापाशी उभ्या असलेल्या अकरावीच्या मुलाला बाबासाहेब अर्थतज्ज्ञ होते हे कळणार कसे? त्याला ते फक्त जयंतीच्या भाषणात भेटणार.

येथे दुसरी अडचण उभी राहते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे इंग्रजी खंड काढले. एकेका खंडात अनेक विषय आहेत. संच फोडून प्रत्येक खंड आपापल्या विषयात ठेवायचा, की संच एकत्र ठेवायचा? पुस्तकी नियमाने दोन्ही बाजू मांडता येतात. अनुभवी ग्रंथपाल सांगेल की शाळेत संच एकत्र ठेवावा, कारण खंड सुटे झाले की हरवतात. मात्र तालिकेत प्रत्येक विषयाखाली वेगळे पत्र करून 'पाहा : अमुक खंड' अशी नोंद द्यावी. असा निर्णय वर्गात बसून होत नाही. तो घेताना कोणीतरी शेजारी उभे राहून "का?" असे विचारणारे लागते.

दलित आत्मकथनांचेही तसेच. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ सालचे. ते मराठी साहित्य म्हणून ८९१.४६ खाली ठेवायचे, की चरित्र-आत्मचरित्रात, की समाजशास्त्रात? आमच्या मते शाळेने ते साहित्यातच ठेवावे. समाजशास्त्रात ठेवले की ते 'समस्येचे पुस्तक' होते, मग भाषेच्या तासाला त्याच्याकडे कोणी वळत नाही. याविषयी मतभेद असू शकतो. प्रशिक्षणार्थीने आपल्या मार्गदर्शकाशी त्यावर वाद घालावा, आणि जे ठरेल ते दैनंदिनीत कारणांसह लिहावे.

तालिकेच्या वर्णानुक्रमात मराठीचे स्वतःचे पेच आहेत. 'आंबेडकर' हे नाव 'आगरकर' च्या आधी लावायचे की नंतर? अनुस्वार आधी धरला तर आधी येते, 'आम्बेडकर' असे धरले तर 'आपटे' च्याही पुढे जाते. 'क्षीरसागर' क खाली लावायचे की ह नंतर शेवटी? 'ज्ञानेश्वर' ज खाली की अगदी टोकाला? कोणतीही एक रीत धरावी, पण ती शाळाभर एकच असावी आणि कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. नाहीतर जे मूल पहिल्यांदाच तालिका चाळते त्याला नाव सापडत नाही, आणि पुस्तकच नाही असे समजून ते निघून जाते.

हे झाले ग्रंथांचे. मुलांशी गाठ पडते ती देवघेवीच्या टेबलावर. शालेय ग्रंथपालाचे काम इतर ग्रंथपालांहून वेगळे होते ते इथेच. मोठा वाचक लेखकाचे नाव घेऊन येतो. पाचवीतील मूल येते आणि म्हणते, "बाई, ते निळं पुस्तक द्या ना, त्यात वाघ होता." त्या निळ्या पुस्तकापर्यंत पोहोचण्यासाठी दोन-चार प्रश्न विचारावे लागतात. कधी तर मूल काहीच मागत नाही, दाराशी उभे राहते. त्याला आत बोलावण्याची रीत कोणत्याही पाठ्यपुस्तकात दिलेली नाही. चांगल्या ग्रंथपालाला ती करताना पाहावी लागते.

प्रत्येक प्रशिक्षणार्थीने एक काम आवर्जून करावे असा आमचा आग्रह आहे. देवघेव नोंदवही घेऊन दोन तास बसावे. कोणी किती पुस्तके नेली हे तर सगळेच मोजतात. ज्यांनी वर्षभरात एकही पुस्तक नेले नाही, त्यांची यादी करावी. हजेरीपटाशी ती ताडून पाहावी. मग ही मुले कोणत्या वाडीची, कोणत्या वस्तीची, किती अंतरावरून येणारी हे वर्गशिक्षकांना विचारावे. आपल्या तालुक्यात कातकरी आणि ठाकर वाड्यांवरून मुले चालत येतात. वीटभट्टीच्या हंगामात काही कुटुंबे घर सोडून जातात. अशा मुलांना पुस्तक दिले तर परत येणार नाही, या भीतीने न देण्याची वहिवाट पडलेली असते. लेखी नियम तसा कोठेही नसतो. अनामत रक्कम मागितली जाते, किंवा 'पुस्तक हरवल्यास दुप्पट किंमत' अशी पाटी लावलेली असते. ती पाटी वाचून सधन घरचे मूल पुस्तक नेते, आणि गरीब घरचे मूल मागे सरते. नियम सर्वांना एकच, पण परिणाम मात्र एक नाही. ज्या समाजाला शाळेच्या वर्गाबाहेर बसावे लागले, त्या समाजातून आलेल्या ग्रंथपालाला ही यादी वाचता आली पाहिजे.

यादी झाल्यावर लगेच भांडायला जाऊ नये. प्रशिक्षणार्थी हा शाळेत पाहुणा असतो. मार्गदर्शक ग्रंथपालासमोर ती ठेवावी, आणि त्यांच्या संमतीने एखादा छोटा उपाय करून पाहावा. अनामत न घेता आठ दिवसांसाठी जुनी, शिवलेली पुस्तके देणे. वाडीवरील एका मोठ्या मुलीकडे पाच पुस्तकांची जबाबदारी सोपविणे. ग्रंथालयाच्या तासिकेला पुस्तके वर्गात नेऊन बाकांवर मांडणे. त्याचे फळ काय मिळाले ते आकड्यांसह अहवालात लिहावे, फळ मिळाले नसेल तर तेही लिहावे. अशा एका पानाचे मोल 'ग्रंथालयाचा इतिहास व उद्दिष्टे' या दहा पानांच्या नकलेपेक्षा परीक्षकालाही अधिक वाटेल.

पावसाबद्दल लिहिले नाही तर कर्जतचा लेख पुरा होणार नाही. जून ते सप्टेंबर येथे हवेत इतका ओलावा असतो की बांधणीचा डिंक सुटतो आणि पानांना बुरशी धरते. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत, खाली विटा किंवा लाकडी पट्ट्या द्याव्यात. उघडीप मिळाली की दारे उघडून वारा लागू द्यावा. पुस्तके भर उन्हात वाळत घालू नयेत, पाने ठिसूळ होतात. कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि डांबरगोळ्या कसरीला आवरतात, वाळवीला मात्र आवरीत नाहीत. तिच्यासाठी भिंतीवरची मातीची नळी दिसताच हालचाल करावी लागते. याच वेळी खराब झालेली पुस्तके बाद करण्याची रीतही शिकून घ्यावी. यादी, मुख्याध्यापकांची मंजुरी, नोंदवहीत लाल शाईने शेरा, ही सर्व पावले न टाळता. परस्पर रद्दीत घातलेले पुस्तक साठा तपासणीत ग्रंथपालाच्या अंगावर येते आणि त्याची किंमत पगारातून कापली जाऊ शकते.

प्रात्यक्षिकासाठी जागा निवडताना घराजवळचे ग्रंथालय म्हणून निवडू नये. तेथे प्रशिक्षित ग्रंथपाल आहे का, तो रोज बसतो का, मुले खरोखर येतात का, हे आधी दोनदा जाऊन पाहावे. शक्य असल्यास अर्धे दिवस शाळेत आणि अर्धे दिवस तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात मिळतात का ते आपल्या वर्गचालकांना विचारावे. दोन्ही ठिकाणचे वाचक पाहिल्याने फरक ध्यानात येतो. मुख्याध्यापकांच्या नावे लेखी परवानगीपत्र घ्यावे, त्यात तारखा आणि वेळ स्पष्ट असावी. दैनंदिनी त्याच दिवशी लिहावी. आठवड्याची एकदम लिहिलेली दैनंदिनी वाचताच ओळखू येते, शाईसुद्धा एकच असते. मार्गदर्शकाचा शेरा आठवड्यातून एकदा तरी मागून घ्यावा. 'काम समाधानकारक' एवढाच शेरा मिळाला तर "काय सुधारू?" असे नम्रपणे विचारावे. मुली अनेकदा संकोचाने विचारीत नाहीत, त्यांनी तर जरूर विचारावे.

ज्यांना जाण्यायेण्याचा खर्च झेपत नाही त्यांनी गप्प राहून खोटी सही आणण्यापेक्षा आपल्या विहारातील ज्येष्ठांकडे किंवा संस्थेच्या कार्यकर्त्यांकडे मोकळेपणाने बोलावे. महिना-दोन महिन्यांच्या लोकलच्या पासाची रक्कम उभी करणे समाजाला जड नाही. आचार्याने पात्र-चीवर मिळवून द्यावे असे महावग्गात आहे, त्याचा आजचा अर्थ आम्ही रेल्वेचा पास असा घेतो.

अहवालाच्या तीन प्रती कराव्यात. एक परीक्षेसाठी, एक स्वतःसाठी आणि एक त्या शाळेसाठी, म्हणजे पुढे येणारा प्रशिक्षणार्थी वाचू शकेल आणि पुस्तक न नेणाऱ्या मुलांची यादी पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार नाही. वेळेबाबत सांगायचे तर जून महिना शाळा प्रवेशाच्या गडबडीत जातो आणि मार्चमध्ये परीक्षा असतात. आपल्या वर्गाच्या वेळापत्रकात बसत असेल, तर दिवाळीच्या सुटीनंतर ते जानेवारीअखेर हा काळ शाळेतील कामासाठी सर्वांत चांगला. त्यासाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज सुटी लागण्यापूर्वीच द्यावा.